मुरमाड टेकडीवरचा वृक्षसंग्रह: चौथ्या वर्षाची नोंद

आपलं वर्ष जून ते मे. टेकडी पुण्याच्या बाजूची: वर वीतभर माती, मग मुरूम, त्याखाली काळा पाषाण. पाऊस सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. सध्या ४३ देशी जाती उभ्या आहेत. वृक्षसंग्रहांना मान्यता देणाऱ्या आर्बनेट या आंतरराष्ट्रीय जाळ्याच्या पहिल्या पातळीच्या मान्यतेसाठी २५ जाती लागतात आणि दुसऱ्या पातळीसाठी १००, म्हणजे जातींच्या हिशेबात पहिली पायरी कधीच ओलांडली. पण त्याच अटींमध्ये लेखी आराखडाही आहे, आणि लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या बागा अडतात त्या तिथेच. झाडं जगतात, वही मरते. म्हणून यंदा नवी लागवड कमी ठेवून जोर नोंदींवर दिला.

नंबर

वहीतली नोंद २०२५-०१४-आ अशी. आधी वर्ष, मग त्या वर्षातल्या आवकीचा क्रम, शेवटी त्या खेपेतलं नेमकं रोप. एका झाडाखाली एका दिवशी वेचलेलं बी म्हणजे एक खेप. दोन झाडांचं बी एका पिशवीत टाकलं की कुठल्या रोपाची आई कोण हे पुन्हा कधीच कळत नाही, त्यामुळे बी गोळा करायला जाताना मोकळ्या पिशव्या भरपूर न्या आणि चिठ्ठी पिशवीच्या आत टाका. बाहेर लिहिलेलं पुसलं जातं. चिठ्ठीवर पेन्सिलच वापरा, पेनची शाई ओल्या गरात पसरते.

रोप मेलं तरी नंबर रद्द होत नाही. पुढे तारीख आणि कारण लिहायचं आणि तो नंबर तिथेच थांबवायचा. सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे मेलेल्याच्या जागी नवं रोप लावून जुनी पाटी तशीच ठेवणं. चार वर्षांनी वही सांगते बिवळा आणि समोर उभा असतो अर्जुन.

मूळ ठिकाणाच्या रकान्यात चारच पर्याय ठेवलेत: रानातलं बी, रानातल्या झाडापासून बागेत तयार झालेलं, लावलेल्या झाडाचं, माहीत नाही. ‘रोपवाटिकेतून आणलं’ हे उत्तर चालत नाही. रोपवाटिकेनं बी कुठून आणलं ते विचारायचं, आणि कळलं नाही तर सरळ ‘माहीत नाही’ लिहायचं. त्यात कमीपणा नाही. अंदाजानं लिहिलेलं गाव त्याहून वाईट.

नंबरवर एवढा भर कशासाठी, याचं उत्तर धावड्यानं दिलं. जुन्या पाट्यांवर तो अ‍ॅनोजीसस लॅटिफोलिया आहे. आता त्याला ऐन, अर्जुन, हिरडा, बेहडा यांच्याच प्रजातीत, म्हणजे टर्मिनालियात, धरून टर्मिनालिया अ‍ॅनोजीसियाना म्हणतात. तसंच आसुपालवचं पॉलिअल्थिया जाऊन मोनून झालं. नाव बदललं की वहीतली एक ओळ बदलायची, झाडाला हात लावायचा नाही.

पाट्यांचे तीन प्रकार वापरून झाले. लहान रोपांना शीतपेयाच्या डब्याची पत्री चालते: २ × ८ सेंमीची पट्टी, कडा दुमडलेल्या, जुन्या वर्तमानपत्राच्या घडीवर ठेवून रिकाम्या बॉलपेननं दाबून लिहिलेली. शाई नसली तरी ठसा राहतो. ही पट्टी फांदीला बांधू नका, बाजूला रोवलेल्या सळईला अडकवा. बाइंडिंग वायर खोडाभोवती गुंडाळली की दोन-तीन पावसाळ्यांत ती सालीत रुतते आणि वरचा भाग वाळायला लागतो. कारण शोधत लोक मुळांशी उकरत बसतात, तार मात्र सालीखाली दिसेनाशी झालेली असते. खिळा तर नकोच. १० सेंमीपेक्षा जाड खोडाला स्टेनलेस स्टीलची स्प्रिंग लावली, खोड वाढतं तशी ती ताणली जाते.

मोठ्या अ‍ॅल्युमिनियम पाट्या भंगारात जातात, हे गृहीत धरा. म्हणून प्रत्येक झाडाच्या उत्तरेला, खोडापासून फूटभर अंतरावर कडप्प्याचा एक तुकडा जमिनीसरसा पुरलाय, त्यावर ग्राइंडरनं कोरलेला नंबर. स्वयंपाकाच्या ओट्याचं काम करणाऱ्यांकडे असे तुकडे पडून असतात. गवत वाढलं की तो झाकला जातो, पण कुठे बघायचं हे ठरलेलं असल्यानं पायानं गवत सारलं की सापडतो.

जागेची नोंद फोनवर विसंबून केली नाही. झाडोऱ्याखाली फोनचा जीपीएस सहज पाच मीटरनं चुकतो, आणि आपली लहान झाडं पाच मीटरवरच आहेत. दोन पक्के खांब धरून ३० मीटरच्या टेपनं दोन्हींपासूनचं अंतर घेतलं. दोन आकडे आणि खांबांना जोडणाऱ्या रेषेची कुठली बाजू, एवढं पुरतं. घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, दरवर्षी जानेवारीत. पावसाळ्यात साल फुगते आणि आकडा खोटा येतो. चढाच्या बाजूला उभं राहून मोजा.

चंदनाची झाडं नकाशावर दाखवलेली नाहीत. कारण सांगायची गरज नसावी.

खड्डे

२ × २ × २ फूट, एप्रिलमध्ये. उन्हात महिनाभर उघडे राहू द्यावेत. मुरमात अडचण अशी की खड्डा म्हणजे बादली होते. भिंती गुळगुळीत राहतात, आत मऊ खतमाती, आणि मुळं बाहेर पडायचं नाव घेत नाहीत. पावसात त्यात पाणी साठतं. यावर उपाय पहार. चारही भिंतींना आणि तळाला पहारीनं भेगा पाडायच्या, मग दोन बादल्या पाणी ओतून दुसऱ्या दिवशी बघायचं. पाणी अजून उभं असेल तर तळाला आणखी पहार चालवा, तरीही हटलं नाही तर ती जागा सोडा किंवा तिथे अर्जुन लावा.

भरताना निघालेली माती ३ भाग, कुजलेलं शेणखत १ भाग. खत हातात घेऊन वास घ्या. शेणाचा वास आला तर ते कच्चं आहे, त्यातून हुमणी येते आणि वाळवीही. मोठे दगड वेगळे काढून ठेवा, पुढे लागतात. रोपाची मानगूट, म्हणजे मूळ आणि खोड जुळतात ती रेघ, जमिनीच्या पातळीला हवी. मऊ माती एक-दोन पावसांत खचते आणि रोप खाली बसतं, म्हणून लावतानाच दोन इंच उंच ठेवलं. उताराच्या खालच्या बाजूला चंद्रकोरीसारखा बांध, वीतभर उंच.

पिशवीत वर्षापेक्षा जास्त राहिलेल्या रोपांची मुळं तळाशी गोल फिरलेली असतात. पिशवी उभी कापा, तळाची इंचभर चकती धारदार सुरीनं उडवा. हे न करता लावलेलं रोप दोन-तीन वर्षं छान दिसतं आणि मग एखाद्या वादळात मुळासकट आडवं होतं. उपटून पाहिलं तर पिशवीचा आकार तसाच दिसतो.

बी

पेरण्याआधी कापून बघा. प्रत्येक खेपेतल्या २५ बिया ब्लेडनं उभ्या कापायच्या आणि आत पांढरा भरीव गर किती जणींत आहे ते मोजायचं. धावड्याच्या बिया बहुतांश पोकळ निघतात, त्यामुळे धावडा मोजून पेरण्यात अर्थ नाही, मूठमूठ पेरावा लागतो. ऐनाचंही थोड्याफार फरकानं तसंच.

बहावा उलटा. बी भरलेलं असतं पण कवच पाणी आत घेत नाही. पाणी उकळायचं, भांडं खाली उतरवायचं, मग बिया टाकून रात्रभर तसंच ठेवायचं. गॅसवर ठेवून उकळल्या तर शिजतात. सकाळी फुगलेल्या वेगळ्या काढून पेरा. न फुगलेल्यांना खरकागदावर एका बाजूनं घासा, काळपट कवच जाऊन आतलं फिकट दिसेपर्यंत, आणि पुन्हा भिजवा. डोळ्याच्या बाजूनं घासू नका, तिथेच अंकुर असतो.

मोहाचं बी थांबत नाही. पावसाच्या तोंडावर पडतं आणि काही आठवड्यांत त्याची उगवण संपते, वाळवून डब्यात ठेवलं तर लवकरच. वेचलं की त्याच आठवड्यात पेरा. सीताअशोकाचंही असंच. पळसाच्या शेंगेत टोकाला एकच चपटं बी असतं, तेही त्याच हंगामात वापरा. हिरड्याचा गर काढून आठळी वाळवा, पेरण्याआधी दीड-दोन दिवस भिजवा, आणि मग विसरून जा: महिन्यानं एक उगवतो, अडीच महिन्यांनी दुसरा. वाफा लवकर मोडून टाकणं हीच हिरड्याच्या बाबतीतली मुख्य चूक. वर जाळी हवी, उंदीर आठळ्या बरोबर शोधतात.

टेंभुर्णीचं एकच झाड ठेवून फळाची वाट बघू नका, नर-मादी झाडं वेगळी असतात. चंदनाच्या पिशवीत तूर पेरा. चंदन अर्धपरजीवी आहे, शेजाऱ्याच्या मुळांतून खातं आणि एकटं पिवळं पडतं. मग लोक त्याला खत घालत राहतात.

उन्हाळा

पहिले दोन उन्हाळे आठ दिवसांतून एकदा १५ लिटर. रोज दोन लिटर देणं सोपं वाटतं, पण ते वरच्या चार बोटांत संपतं आणि मुळंही तिथेच राहतात. पाणी किती खोल गेलं हे बघायला ६ मिमीची सळई पुरते: ओल्या मातीत हातानं सरकते, कोरड्यात अडते. दुसऱ्या दिवशी ती दीड फूट जायला हवी.

दूरच्या कोपऱ्यात मडकी पुरली आहेत, विनाझिलईची, ७-८ लिटरची, गळ्यापर्यंत, रोपापासून फूट-सव्वा फुटावर. तोंडावर दगड हवाच, नाहीतर डास होतात. बोअरच्या क्षारांनी छिद्रं बुजतात आणि मडकं आठवडा झाला तरी भरलेलंच दिसतं. बाहेर काढून काथ्या आणि विटेच्या भुकटीनं घासलं की पुन्हा पाझरायला लागतं.

आच्छादनाचा पेच सुटलेला नाही. पालापाचोळा ओल धरतो, पण टेकडीवर तोच वणव्याचं जळण. सध्या तोडगा असा: पाला फक्त बांधाच्या आत, चार बोटं जाड, खोडापासून वीतभर लांब, आणि त्यावर खड्ड्यातून निघालेले दगड. खोडाला टेकलेला पाला सालीला कुजवतो. गवत नोव्हेंबरात कापलं, हद्दीवर तीन मीटर रुंद जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारी मोकळी पट्टी, मातीपर्यंत साफ केली. होळीच्या आधी ती पुन्हा झाडावी लागते, कारण तोवर वाऱ्यानं पाला परत आलेला असतो.

गिरिपुष्प

पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया, भरपूर लावला गेला आणि आता त्याच्याखाली फार काही उगवत नाही. सगळा एकदम काढायचा मोह टाळा, उघड्यावर आलेली कोवळी रोपं मार्चच्या उन्हात करपतात. एकाआड एक ओळ विरळ करत तीन वर्षांत संपवायचा बेत आहे. पाला हिरवळीचं खत म्हणून उत्तम. तोडल्यावर बुंध्यातून फुटवे येतात, ते दर दीड महिन्यानं मोडावे लागतात. महापालिका हद्दीत असाल तर १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज आधी, कोयता नंतर.

पांगाऱ्याच्या कोवळ्या पानांवर आणि देठांवर गाठी येऊन पानं वेडीवाकडी होताहेत. हे काम गाठ करणाऱ्या बारीक गांधीलमाशीचं आहे. गाठीच्या आत अळी असते, वरून फवारून फारसं साधत नाही. गाठाळलेले शेंडे कापून जाळले. कापलेले झाडाखाली टाकले तर माश्या तिथूनच बाहेर पडतात.

ओळख तपासणी

ऐन आणि अर्जुन लहानपणी गोंधळात टाकतात, खोड जाड झालं की वाद मिटतो: अर्जुनाची साल गुळगुळीत, पांढरट, ऐनाची मगरीच्या पाठीसारखी भेगाळ. कदंब, कळंब, हेदू या तिघांत हेदूचं पान हृदयाकृती, कळंबाचं लहानसर अंडाकृती, कदंबाचं मोठं लांबट आणि फुलांचा चेंडूही तिघांत मोठा. रोपवाटिकेत कळंब मागितला तर कदंब मिळण्याची शक्यता बरीच.

यंदाची मोठी दुरुस्ती आपट्यात निघाली. ‘आपटा’ म्हणून लावलेल्या तीन झाडांना नोव्हेंबरात मोठी गुलाबी-जांभळी फुलं आली, म्हणजे कांचन. दसऱ्याच्या बाजारात जी पानं विकली जातात त्यांतही कांचन असतोच, त्यामुळे पान जुळलं म्हणून आपटा ठरत नाही. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदी जास्त. फुलं बारीक, पिवळसर पांढरी, उन्हाळ्यात. शेंगा जाड आणि वाकड्या, बराच काळ झाडावर लटकलेल्या. रोप गुडघ्याएवढं असताना यातलं काहीच नीट दिसत नाही, तेव्हा खात्री एकच: बी घेताना आई-झाडाच्या शेंगा बघणं.

कांचन काढलेला नाही, तोही इथलाच. तिन्ही नंबर कायम ठेवले, नावावर एक आडवी रेघ मारली, वाचता येईल अशी, आणि पुढे ‘ओळख दुरुस्त, फुलांवरून’ आणि तारीख. खऱ्या आपट्याच्या शेंगा मार्चमध्ये दोन वेगवेगळ्या झाडांवरून आणल्या. दोन पिशव्या, दोन खेपा. बियांना नंबर पडलेत, खड्डे पाण्यावर तपासून झालेत.