इंजिन बदललं, मग सिएरा कसली?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. 2025 च्या नोव्हेंबरात टाटांची नवी सिएरा बाजारात आली आणि तेव्हापासून मला भेटेल तो दोनच प्रश्न विचारतो. एक, माझ्या त्या जुन्या, गंजक्या सिएरात एवढे पैसे ओतण्यापेक्षा नवी का नाही घेतली? दुसरा जाणकारांचा असतो: टाटांच्याच सफारीचं इंजिन घातलंत, मग ती सिएरा कसली? तिसराही आहे, पण तो मला न विचारता शेजारी जो पुरुष उभा असेल त्याला विचारतात, की ही हौस कुणाची.

तिसऱ्याचं उत्तर सोपं आहे. गाडी माझी. जनावरांच्या डॉक्टरकीतून साठवलेल्या पैशांतून घेतलेली, 1995 ची, घेतली तेव्हाच सेकंडहँड. चिपळूणच्या आसपासच्या वाड्यांवर रात्री-अपरात्री मी तीच घेऊन जाते. मागची बाकं काढली की औषधांच्या पेट्या, दोर, बादल्या सगळं मावतं, आणि दोन्ही बाजूंच्या त्या छतात वळणाऱ्या अखंड काचांमुळे मागे इतका उजेड असतो की भर पावसात दिव्याशिवाय इंजेक्शन भरता येतं. या काचांबद्दल पुढे बोलायचंच आहे, कारण माझं सगळं उत्तर त्यांच्यापाशी आहे आणि तुम्ही मात्र सारखं इंजिनाचं विचारता.

नव्या गाडीवर माझा राग नाही. मी ती बघून आले. चांगली आहे, पाच दारं आहेत, खांब काळे करून त्या सलग काचेची आठवणही ठेवलीय. पण ती वेगळी गाडी आहे. खाली शिडीसारखी चासी, म्हणजे बॉडीपासून वेगळा लोखंडी सांगाडा, नाही, त्यामुळे बॉडी उचलून बाजूला ठेवावी आणि खालचं दुरुस्त करावं, हा प्रकार तिच्यात नाही. माझी गाडी वाचली ती नेमकी त्या चासीमुळे. आणि तिच्यामुळेच जवळजवळ गेलीही होती.

22 जुलै 2021 ला चिपळुणात काय झालं ते इथे पुन्हा सांगत नाही. गाडी छतापर्यंत पाण्यात होती. त्या पाण्यात वाशिष्ठीचा सगळा गाळ होता. आम्ही आधी माणसं, मग घर, मग दवाखाना, मग दावणीला मेलेली जनावरं बघितली. गाडीकडे वळायला फार उशीर झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. तोवर गाळ सिलिंडरमध्ये सुकला होता. पिस्टनच्या रिंगा बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, धरल्या होत्या, क्रँक म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, त्याच्या जर्नलवर, बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागांवर, खड्डे पडले होते. पुष्कळांनी आपापल्या गाड्या भंगारात दिल्या. मला कुणी सल्ला दिला नाही असं नाही, सगळ्यांनी एकच दिला.

दिसत नव्हता तो गंज. वरून खरवडलं तर पत्रा बरा वाटायचा. पण दाराखालचे सिल, म्हणजे गाडीच्या उंबऱ्यासारखे लांब पत्रे, आतून पोकळ असतात. गाळ तिथे शिरला, पाणी निथळायची भोकं त्यानेच बुजली, आणि कोकणातल्या हवेत तो गाळ कधी पुरता सुकलाच नाही. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. दोन पत्र्यांच्या सांध्यात झाला तर फुगून सांधाच उकलतो. म्हणजे बाहेरून रंग, आत भुगा. ज्यांनी 'वरून लांबी (पुटी) भरून रंग मारा, चालून जाईल' असं सांगितलं, त्यांनी तो सिल स्क्रूड्रायव्हरने टोचून बघितला नव्हता.

आता गाडी जवळजवळ गेली तो दिवस.

पहिल्या गॅरेजात बॉडी चासीवरून उचलायची ठरली. काचा आधीच काढून, गोधड्यांत गुंडाळून मी घरी ठेवल्या होत्या. गॅरेजच्या मालकाला मी लिहून, चित्र काढून दिलं होतं: उचलायच्या आधी दोन्ही दारांच्या चौकटींत आडवे-तिरपे पाइप वेल्ड करा. या गाडीला दारामागे एकच खांब, त्याच्या पुढे हे लांबलचक दार आणि मागे ती प्रचंड काच. काच काढली की तिथे फक्त भोक उरतं. सिल सडलेला, म्हणजे त्या खांबाला खालून आधार नाही. हे कळायला इंजिनिअर असावं लागत नाही. मी अडलेली वासरं बाहेर काढते, कुठे ओढ दिली की कुठे ताण येतो हे माझ्या हातांना कळतं. मालक म्हणाला, "मॅडम, आम्ही रोज बॉड्या उचलतो." पाइप लावले नाहीत.

दोन चेनब्लॉक, म्हणजे साखळीने ओझं उचलायच्या कप्प्या, लावले. पुढची बाजू सुटून वर आली. मागे उजवीकडचा एक बोल्ट गंजून रबरासकट चासीला चिकटला होता. तो सुटलेला नाही हे मला दिसत होतं, मी ओरडलेही, पण साखळी ओढणाऱ्याची पाठ माझ्याकडे होती. पत्र्याचा आवाज आला. फाटल्याचा नव्हे, दुमडल्याचा, आणि बराच वेळ चालला. उजवा सिल खांबाखाली मुडपला आणि अख्खी बाजू त्याच्यावर बसली. बॉडी परत खाली ठेवली तेव्हा दार लागेना. मी टेप घेऊन काचेच्या चौकटीचा कर्ण मोजला. डाव्या बाजूपेक्षा 14 मिलिमीटर कमी भरला.

पत्रा ओढता येतो, हे मलाही माहीत होतं. पण काच वाकत नाही. ही काच टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली, तिला कड घासून लहान करता येत नाही. अशा काचेला घासायला किंवा कापायला गेलं की तिचा चुरा होतो. आणि ही छतात वळणारी काच दुकानात जाऊन मागण्यातली नाही. मालकाने उपाय सुचवला: ती बाजू पत्र्याने बंद करू, मध्ये व्हॅनसारखी सरकती खिडकी देऊ, स्वस्तात होईल. त्या वेळी मी तिथे, सगळ्यांसमोर, रडले. दवाखाना वाहून गेला तेव्हा रडले नव्हते, त्यामुळे घरच्यांना ते विचित्र वाटलं. मला आजही वाटत नाही.

गाडी तिथून उचलून घाटावर नेली, एका म्हाताऱ्या डेंटरकडे, चेपलेला पत्रा सरळ करणाऱ्या कारागिराकडे. त्याने आधी चासी मोजली, ती सरळ होती. मग बॉडी तिच्यावरच परत बोल्टने आवळली, म्हणाला, "सरळ काय आहे ते धरून बाकीचं ओढायचं." माझ्याकडून काच मागवली आणि तिच्यावरून प्लायवुडचा साचा कापून घेतला. खांबाला टर्नबकल, म्हणजे पिळून ताण देणारा स्क्रू, लावून रोज थोडं ओढायचं, साचा लावून बघायचा, दोन टाके वेल्डिंगचे मारायचे, गार होऊ द्यायचं, पुन्हा साचा. सिल आतला आणि बाहेरचा दोन्ही नवे घडवले, पाणी निथळायला भोकं मोठी ठेवली, आतून मेण मारलं. कारखान्याचे नकाशे त्याच्याकडे नव्हते. त्या गाडीत जे काही वाकलं, सडलं, कापलं गेलं त्या सगळ्याचं माप शेवटी त्या एका काचेवरून आलं. काच बसली तेव्हा चारही कडांना सारखी फट होती.

म्हणून म्हणते, इंजिनाचं विचारू नका. पण विचारताच, तर तेही ऐका.

सफारी त्याच घराण्यातली. टाटामोबाइल पिकअपच्या चासीवरून सिएरा आली आणि सफारीही त्याच वळणाची, त्यामुळे अपघातात मागून चेपलेल्या एका सफारीचं 2.2 लिटरचं डायकॉर डिझेल इंजिन गिअरबॉक्ससकट घेतलं. फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन चासीवर धरणारे, ब्रॅकेट नवे बनवावे लागले. इंटरकूलर, रेडिएटर, वायरिंगचा सगळा हार्नेस, ईसीएम (इंजिन चालवणारा छोटा संगणक), त्याच्या जोडीची किल्ली, ॲक्सिलरेटरचं पेडलसुद्धा त्याच सफारीचं, कारण या इंजिनाला पेडलची केबल नसते, पेडलचा संदेश तारेने ईसीएमला जातो. 1948 सीसीचं जुनं इंजिन साठेक अश्वशक्तीचं होतं, हे 140 चं. जोर दुपटीहून वाढला की ब्रेकही तसेच लागतात, म्हणून ब्रेक आणि मागचा ॲक्सलही सफारीचे.

कुंभार्ली घाटात पूर्वी ट्रकामागे दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढायचे. अडलेल्या म्हशीचा फोन आलेला असतो, आडवं वासरू किती वेळ जगेल हे मला माहीत असतं, आणि पाय तळाला दाबूनही गाडी पुढे जात नाही. आता तिसऱ्यात चढते. हे कारण पुरेसं आहे.

आणि नाहीही. काही वर्षांपूर्वी एका स्नेह्याने जीपमध्ये दुसरं इंजिन घातलं, तेव्हा मीच त्याला तोंडावर म्हटलं होतं, की तू गाडी मारलीस, आता नुसतं कातडं उरलं. ते म्हणणारी मी मूर्ख नव्हते. जुन्या इंजिनाला चालू राहायला विजेची एकच तार लागायची, डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडची. बाकी सगळं लोखंड आणि तेल. वाडीवरचा पंप दुरुस्त करणारा पोरगासुद्धा त्याला हात घालायचा. आताच्या इंजिनाचा एक सेन्सर गेला तर मी रस्त्यात उभी, आणि पुन्हा पूर आला तर ते ईसीएम आधी जाईल. तिला, म्हणजे त्या वेळच्या मला, मी एवढंच सांगू शकते की तू बोअरमधून गाळ खरवडला नव्हतास. पण हा युक्तिवाद झाला नाही, ही फक्त परिस्थिती झाली. ती ऐकून गप्प बसेल असं मला वाटत नाही.

कागदांचं विचारणाऱ्यांसाठी: मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 कडे दुर्लक्ष करू नका. उत्पादकाने ठरवलेल्या रूपात मन मानेल तसे बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. आधी अर्ज आणि लेखी परवानगी, मग काम, मग तपासणी आणि आरसीवर नवा इंजिन क्रमांक. मी त्याच कंपनीचं, त्याच इंधनाचं इंजिन निवडलं त्यात हाही विचार होता. इंजिन ज्या गाडीतून घ्याल तिचे कागद मिळत नसतील तर ते इंजिन घेऊ नका, कितीही स्वस्त असो. शिवाय वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट 2025 मध्ये 5,000 वरून 10,000 रुपये झालं, वर पर्यावरण कर. गाडीवर घातले एवढ्या पैशांत चांगली सेकंडहँड स्कॉर्पिओ आली असती, हे कबूल. पत्र्याचा खर्च इंजिनापेक्षा जास्त झाला, हेही.

मग ती सिएरा आहे का? काचेपासून मोजलंत तर आहे. बोनेट उघडून मोजलंत तर तुम्ही म्हणाल तसं.

जुनं इंजिन मी विकलेलं नाही. ब्लॉक धुऊन, तेल लावून दवाखान्यामागे ठेवलाय. त्याला लायनर, म्हणजे सिलिंडरला आतून नव्या नळ्या, बसतील असं मशीन शॉपवाला म्हणतो, अडलंय ते क्रँकवर. कुणाकडे 1948 सीसीच्या इंजिनाचा स्टँडर्ड साइझचा, न घासलेला क्रँक असेल तर मला कळवा. बसवीन की नाही, आज सांगत नाही.