लॉनवरचा चौकोनी डाग

लॉनला रोग लागला तर तो चौकोनी कधीच लागत नाही, हे मी प्रत्येक नवीन क्लायंटला सांगते आणि बरेच जण हसतात. पण खरंच बघा, बुरशी आली की गोल गोल डाग पडतात आणि ते कडेने पसरत जातात. हुमणी (मुळं खाणारी अळी) लागली की वेडेवाकडे पट्टे, आणि तिथलं गवत हाताने ओढलं की सतरंजीसारखं उचललं जातं कारण खाली मुळंच उरलेली नसतात. कुत्रं एकाच जागी मुतत असेल तर मधे करपलेलं आणि भोवती गडद हिरवी कड. आणि जिथे सरळ रेष दिसेल, काटकोन दिसेल, तिथे काहीतरी माणसाने केलेलं असतं. खत टाकताना हात चुकला असेल, रंगारी ब्रश तिथेच धुवून गेला असेल, किंवा मशीनमधे पेट्रोल भरताना सांडलं असेल. ऐरोलीला एका रो हाऊसमधे भिंतीच्या कडेने सरळ पट्टा मेला होता, ते लोक आरओ फिल्टरचं वेस्ट पाणी पाइप लावून रोज तिथे सोडत होते, पाणी वाचवतोय म्हणून. सगळा क्षार एकाच पट्ट्यात जमला, दुसरं काय होणार.

मी दापोलीला हॉर्टिकल्चर केलं आणि आता ठाणे-नवी मुंबईत गार्डन मेंटेनन्सची कामं घेते. सोबत मामा असतात (माझे मामा नाहीत, सगळेच त्यांना मामा म्हणतात, आयुष्य माळीकामात गेलंय) आणि एक पोरगा आहे, ब्रश कटर आणि मशीन चालवायला.

तर मे महिन्याच्या शेवटी ठाण्यातल्या नौपाड्यातून एका काकांचा फोन आला. नौपाड्यात जुने बंगले आता बोटावर मोजण्याएवढे उरलेत, बाकी सगळीकडे टॉवर, त्यामुळे तिथे लॉनचं काम म्हटल्यावर मला जरा आश्चर्यच वाटलं. काकांनी हा बंगला रिटायर झाल्यावर घेतलेला. पुढच्या आठवड्यात मुलीचा साखरपुडा, घरच्याच लॉनवर, पन्नास-साठ माणसं, मांडववाला ठरलेला, केटरर ठरलेला, आणि लॉनच्या बरोब्बर मधे मोठा पिवळा डाग. "ताई, काहीही करा पण चार दिवसात हिरवं करून द्या." मी म्हटलं काका बघते आधी, फोनवर हिरवं होत नसतं.

जाऊन बघितलं तर डाग म्हणजे अगदी पट्टी लावून आखल्यासारखा आयत होता. पाच फूट बाय आठ फूट असेल अंदाजे. आणि गंमत म्हणजे त्याच्या पलीकडे तीनेक फुटांवर एक गोल जागा होती, तिथलं गवत सगळ्या लॉनपेक्षा जास्त हिरवं आणि जास्त उंच. मे महिन्यात! काका म्हणाले हो ना, तिथे काही न करता मस्त वाढतं आणि इथे एवढं करून मरतं. दरवर्षी एप्रिल आला की पिवळं पडायला सुरुवात, पावसाळ्यात थोडं हिरवं होतं पण मग तिथे पाणी साचतं, चिखल होतो, शेवाळ येतं.

आता "एवढं करून" म्हणजे काय काय केलं होतं ते ऐका. आधीच्या माळ्याने हुमणी सांगितली म्हणून पावडर टाकली. मग दुकानदाराने बुरशी सांगितली म्हणून फवारणी झाली. मग कोणीतरी टॉनिक दिलं. आणि शेवटी काकांनी स्वतः यूरिया टाकला, डागावर जास्त, कारण तिथे जास्त गरज. यूरियात 46 टक्के नायट्रोजन असतं हो, शंभर चौरस मीटर लॉनला किलोभर पुष्कळ होतो आणि तोही टाकल्या टाकल्या भरपूर पाणी द्यायचं असतं. मे महिन्याच्या उन्हात कोरड्या मातीवर मूठ मूठ फेकला तर उरलंसुरलं पण करपणारच. पाणी पण काका रोज संध्याकाळी दहा मिनिटं पाइपने शिंपडत होते, म्हणजे वरची अर्धा इंच माती ओली, खाली कोरडी, मग मुळं खाली जातील कशाला. दोन-तीन दिवसाआड द्या पण सकाळी आणि चांगलं खोलवर जिरेपर्यंत द्या, हे मी सांगितलं, पण या डागाचं कारण ते नव्हतं हे दिसतच होतं. पाणी तर सगळीकडे सारखंच पडत होतं.

मामांनी कडेचं गवत ओढून बघितलं. सहज उचललं नाही, म्हणजे हुमणी नाही. सुरीने एक तुकडा कापून काढला तर मुळं खाली न जाता आडवी पसरलेली, चटई विणल्यागत. मी गाडीतून सळई आणायला सांगितली. आठ एमएमची साधी सळई आहे, एका टोकाला वाकवून मूठ केलेली, माझ्याकडे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचं हेच एक हत्यार. चांगल्या भागात खुपसली तर वीतभर सरळ आत गेली. डागात खुपसली तर तीन इंचावर टक्क. एक पाऊल सरकून परत टक्क. मी खुपसत गेले आणि पोरगा चुन्याने खुणा करत गेला, आणि थोड्या वेळात जमिनीवर जो आयत उमटला तो पिवळ्या डागाला तंतोतंत जुळला.

काका म्हणाले खडक लागला असेल. ठाण्यात खडक लागणं काही नवीन नाही, येऊरच्या बाजूला तर फूटभर खणलं की लागतो, पण खडकाला काटकोन नसतात.

मग मामांनी पहार उलटी धरून हळूच आपटली. बाहेर आवाज बद्द आला. डागाच्या मधे आपटली तेव्हा जो आवाज आला तो ऐकून मामा दोन पावलं मागे सरले आणि आमच्या मशीनवाल्या पोराला ओरडले, "ए, तिथून बाजूला हो आधी." पोकळ आवाज होता. खाली स्लॅब होता आणि स्लॅबखाली काहीच नव्हतं.

सगळ्यांना डागावरून लांब केलं आणि मी कडेला आडवं झोपून, वजन चांगल्या जमिनीवर ठेवून, खुरप्याने एका कोपऱ्यातली माती काढली. आरसीसीचा जुना स्लॅब. सिमेंट भुसभुशीत झालेलं आणि सळया उघड्या पडून गंजून फुगलेल्या, एका जागी तर बोटाने पापुद्रे निघत होते. तेवढ्यात कंपाउंडच्या पलीकडून शेजारच्या आजींचा आवाज आला. बराच वेळ बघत होत्या बहुतेक. "अगो, ती संडासाची टाकी आहे. ड्रेनेजची लाइन आली तेव्हा बंद केली आधीच्या मालकांनी. वर माती टाकली नि बाग केली. आणि तो पलीकडे शोषखड्डा." काका बघतच राहिले. म्हणाले आजी इतकी वर्षं शेजारी राहतोय, सांगायचं नाही का. आजी म्हणाल्या, मला कुठे कोणी विचारलं, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल, घर तुमचं.

म्हणजे सगळं कोडं सुटलं. तीन इंच मातीत ओलावा टिकत नाही, खालचा स्लॅब उन्हाने तापतो, मुळांना खाली जायला जागा नाही, म्हणून उन्हाळ्यात पिवळं. लॉनला निदान सहा इंच चांगली माती लागते, आठ-नऊ इंच असेल तर उत्तम. पावसाळ्यात पाणी खाली जिरत नाही म्हणून चिखल. आणि शोषखड्ड्यावरची माती भुसभुशीत, ओल धरणारी, वर्षानुवर्षांचं खत पोटात, म्हणून तिथे हिरवंगार. पावडरी, फवारे, टॉनिक यातलं एकही कशाला लागू पडणार नव्हतं.

पण माझ्या डोक्यात तेव्हा गवत नव्हतंच. आधीचा माळी या लॉनवर रोलर फिरवायचा, पाणी भरलेला, शंभर किलोच्या पुढे वजन जातं त्याचं. शेजारची मुलं तिथे क्रिकेट खेळायची. आणि पुढच्या आठवड्यात तिथे पन्नास-साठ माणसं उभी राहणार होती, जेवणाची टेबलं लागणार होती, आणि मांडववाल्याची पोरं खांब रोवायला पहारीने खड्डे पाडणार होती. काकांना हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत थोडा वेळ. काकू आतून पाणी घेऊन आल्या आणि मुलीला फोन लावायला गेल्या.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. स्लॅबच्या कोपऱ्यात जुनं झाकण होतं, मातीखाली दबलेलं, त्याची कड मोकळी झाल्यावर बारीक फट दिसायला लागली. कोणाचा तरी ड्रायव्हर गेटमधून आत आला होता, गर्दी बघून, तो म्हणाला काडी पेटवून आत टाका, विझली तर गॅस आहे. आणि खरंच काडेपेटी काढली त्याने खिशातून! मी जेवढ्या मोठ्याने ओरडले तेवढं आयुष्यात कधी ओरडले नसेन. आत मिथेन असेल तर काडी विझायची वाट बघावी लागत नाही, भडका होतो. वास घेऊन बघू म्हणणं पण चुकीचं, कारण हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास सुरुवातीला येतो पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं गेला वास. आणि जुन्या बंद टाकीत ऑक्सिजनच नसणं हा वेगळा धोका, त्याला तर वासच नाही.

मग काका सावरले आणि म्हणाले, ताई, तुमचा पोरगा बारीक आहे, झाकण काढून जरा उतरून बघू दे ना आत पाणी आहे की रिकामी आहे, मी त्याचे वेगळे पैसे देतो. वाईट मनाने नाही म्हणाले ते, माहीत नसतं लोकांना. आणि पोरगा लगेच चप्पल काढायला लागला, ते बघून माझ्या पोटात गोळा आला. मी काकांना स्पष्ट सांगितलं की 2013 चा कायदा आहे, सेप्टिक टँकमधे माणसाला असा उतरवणं गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि 2023 मधे सुप्रीम कोर्टाने अशा कामात माणूस गेला तर घरच्यांना 30 लाख द्यायला सांगितलेत. कायदा राहू दे बाजूला, माणूस आत पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही तिथेच राहतो, पेपरात दर थोड्या दिवसांनी येतं ते. हे बोलल्यावर काका गप्प झाले, आणि पोराला नंतर मामांनी बाजूला घेऊन जे झापलंय ते मी इथे लिहू शकत नाही.

मग आम्ही बांबू रोवले, टाकीच्या चारी बाजूंनी चांगली चार फूट जागा सोडून, दोरी बांधली, त्यावर लाल ओढण्या लावल्या. वर प्लायवुड टाकू नका हे निक्षून सांगितलं, कारण प्लाय टाकलं की लोकांना वाटतं आता चालायला हरकत नाही. संध्याकाळपर्यंत सक्शनवाली गाडी ठरली, तिच्या लोकांनी बाहेरूनच पाइप सोडून आतलं ओढून घेतलं, गुडघाभर गाळ निघाला म्हणे. पुढचं काम माझं नाही, सिव्हिलवाल्याचं. स्लॅब बाहेरून मशीनने फोडायचा, तळाला भोकं पाडायची म्हणजे पावसाचं पाणी साचून राहणार नाही, मग रॅबिट (फोडलेल्या बांधकामाचे तुकडे) आणि मुरूम थराथराने टाकून, पाणी मारून धुमसायचं, आणि वरचा फूटभर भाग माझ्यासाठी सोडायचा. हे सगळं आपल्या माळ्याकडून स्वस्तात करून घ्यायचा मोह लोकांना होतो. करू नका.

साखरपुडा जवळच्या हॉलमधे झाला. मला आमंत्रण होतं, मी गेले पण होते, आजी तिथे सगळ्यांना ही गोष्ट सांगत होत्या आणि त्यात टाकी त्यांनीच शोधून काढली होती. असो.

काकांना पहिल्या पावसातच लॉन लावून हवं होतं. मी नाही म्हटलं. भराव कितीही धुमसला तरी ठाण्याच्या एका पावसाळ्यात बसतोच, आणि वर तयार लॉन लावलं असेल तर मधे खळगा पडतो, परत उचला, परत माती भरा, दुप्पट खर्च. त्यापेक्षा लाल माती, शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड मिसळून बाजूच्या लॉनपेक्षा तीन-चार इंच उंच ढीग करून ठेवायचा, पावसाळाभर बसू द्यायचा, लव्हाळा उगवेल तो गाठीसकट उपटायचा (नुसता वरून कापलात तर चौपट येतो), आणि ऑक्टोबरमधे लेव्हल करून मग लॉन. हे त्यांना पटलं, पण आता वाद कोणतं गवत यावरून चाललाय. त्यांना सगळीकडे मेक्सिकन हवंय, शेजारच्या सोसायटीत बघितलंय म्हणून. टाकीच्या जागेवर दिवसभर ऊन आहे, तिथे लावते म्हटलं. पण कोपऱ्यात आंब्याखाली मेक्सिकन विरळ होऊन मरणार, तिथे गवताचा नादच सोडा, हळद नाहीतर फर्न लावा असं माझं म्हणणं. काका म्हणतात आंब्याच्या फांद्या छाटू. काकू म्हणतात आंब्याला हात लावलात तर बघा. दोघांचं ठरलं की मला फोन करणारेत.