साठ दिवसांचं घड्याळ

बांधकाम परवानगीच्या अर्जावर सत्तावन्नाव्या दिवशी सकाळी महापालिकेची क्वेरी येऊन पडली: ‘समोरील रस्ता प्रत्यक्षात ९ मीटर रुंद असल्याची खातरजमा करून द्यावी.’

प्रकरण साधं होतं. १,००० चौरस मीटरचा भूखंड, जुना बंगला पाडून नवी इमारत, जागामालक आणि विकसक यांचा संयुक्त करार. अर्ज महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खाली. कलम ४५ म्हणतं, ६० दिवसांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असं समजावं. ऐकायला छान. पण हे ६० दिवस अर्जापासून किंवा शेवटच्या क्वेरीला दिलेल्या उत्तरापासून, यातलं जे नंतरचं असेल तिथून मोजायचे. म्हणजे क्वेरी आली, उत्तर गेलं की काटा शून्यावर.

ही तिसरी क्वेरी होती. पहिलीत मालमत्ता पत्रक आणि मोजणी नकाशा यांच्या क्षेत्रात ३ चौरस मीटरचा फरक निघाला होता. दुसरीत पार्किंग: गाडीसाठी २.५ बाय ५ मीटरची जागा लागते, खांबामुळे एक जागा २.४ मीटर रुंद झाली होती. ती चूक आमचीच. पण तिन्ही गोष्टी पहिल्या दिवशीच्या कागदांत दिसत होत्या. तिन्ही एकदम विचारल्या असत्या तर एकाच उत्तरात भागलं असतं.

रस्त्याचा प्रश्न मात्र किरकोळ नव्हता. डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला लागू झालेल्या एकत्रित नियमावलीत महापालिका हद्दीत ९ ते १२ मीटर रस्त्यावर मूळ एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) १.१०, प्रिमियमचा, म्हणजे शुल्क भरून मिळणारा, ०.५० आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला बांधकाम हक्क, ०.४०, असा एकूण २.०० मिळतो. त्यावर निवासी बांधकामाला ६० टक्के अनुषंगिक क्षेत्र (जिने, लिफ्ट, बाल्कनी वगैरेंसाठी), तेही प्रिमियम भरून. म्हणजे या भूखंडावर ३,२०० चौरस मीटर. रस्ता ९ मीटरच्या आत गेला की प्रिमियम नाही, टीडीआर नाही. १,१०० आणि त्यावर ६६०, एकूण १,७६०. जागेचा व्यवहार ३,२०० धरून झालेला. टीडीआरचा सौदाही ठरलेला होता, आणि तो ४०० चौरस मीटरवर भागत नाही. टीडीआर जिथे तयार झाला तिथला जमीनदर आपल्या दराच्या निम्मा असेल, तर ४०० वापरायला ८०० विकत घ्यावे लागतात.

दुपारी कनिष्ठ अभियंत्यांबरोबर जागेवर गेलो. टेप तीन ठिकाणी धरला: ९.१०, ९.१२ आणि ८.८४. जुन्या मंजूर रेखांकनात रस्ता ३० फुटांचा, म्हणजे ९.१४ मीटर. जुने रेखांकन फुटांत आणि नवी नियमावली मीटरमध्ये, त्यामुळे हाताशी उरतात जेमतेम १४ सेंटिमीटर. तिसऱ्या ठिकाणी समोरच्या मालकाने कुंपणाची भिंत नव्याने बांधताना ती ३० सेंटिमीटर पुढे आणली होती. अतिक्रमण त्याचं, एफएसआय आमचा जाणार!

अभियंता अडवणूक करत होते असं मला वाटत नाही. अग्निशमनाची गाडी रेखांकनावरून धावत नाही, आणि उद्या लेखापरीक्षणात प्रश्न आला तर सही त्यांचीच असते. त्यांनी मार्ग सुचवला: मंजूर रेखांकनाची प्रमाणित प्रत, रस्त्याची हद्द दाखवणारा मोजणी नकाशा, संयुक्त पाहणीचा पंचनामा आणि भिंतीबाबत अतिक्रमण विभागाला वेगळं पत्र.

संध्याकाळी विकसकांच्या बैठकीत सरकारला द्यायच्या निवेदनाचा मसुदा वाचायला घेतला. पहिली मागणी अर्थातच प्रिमियममध्ये सवलत. २०२१ मध्ये प्रिमियम निम्मा झाला होता, ग्राहकाचं मुद्रांक शुल्क विकसकाने भरायचं या अटीवर. ३१ डिसेंबरची मुदत जवळ आली तशी फायलींची रीघ लागली. अशी सवलत बघता बघता जागेच्या भावात मुरते, असं माझं मत. पुढची मागणी रास्त होती. परवडणाऱ्या घराला १ टक्का जीएसटी, पण त्यासाठी किंमत ४५ लाखांच्या आत हवी. २०१९ मध्ये ठरलेली ही मर्यादा वाढवा. सगळ्या घरबांधणीला पायाभूत सुविधांचा दर्जा द्या, हे वाक्य दरवर्षीप्रमाणे होतंच.

साठ दिवसांबद्दल एकच ओळ होती: ‘मानीव परवानगीची काटेकोर अंमलबजावणी व्हावी.’ मी ती खोडायला सांगितली. मानीव, म्हणजे मुदत उलटल्यावर मिळाली असं समजायची, परवानगी हातात घेऊन करणार काय? महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, नोंदणीला बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची प्रत जोडावी लागते, बँकही सही-शिक्क्याचा कागद मागते. नोंदणीशिवाय जाहिरात नाही, बुकिंग नाही. जागेत १ कोटी अडकले आणि व्याज वर्षाला १२ टक्के धरलं, तर दर महिन्याला १ लाख नुसते थांबण्यात जातात, आणि हा खर्च शेवटी फ्लॅटच्या दरातच उतरतो.

त्या जागी तीन वाक्यं लिहिली. छाननीतल्या सर्व त्रुटी पहिल्या २१ दिवसांत एकाच पत्राने कळवाव्यात. त्यानंतरच्या क्वेरीने घड्याळ थांबावं, पण शून्यावर जाऊ नये. एकसष्टाव्या दिवशी ऑनलाइन प्रणालीनेच प्रारंभ प्रमाणपत्र काढावं आणि ते महारेराला व बँकांना ग्राह्य असावं. ‘यात आपल्याला एक पैसाही सुटत नाही,’ एक ज्येष्ठ विकसक म्हणाले. बरीच वादावादी झाली. शेवटी ती वाक्यं राहिली, पण अकराव्या क्रमांकावर. पहिला मान प्रिमियमचाच.

रात्री साडेनऊला उत्तर अपलोड केलं. मोजणी नकाशा, रेखांकनाची प्रत आणि टेप धरलेले तीन फोटो जोडले. पावती आली, तिच्यावर आजची तारीख. मोजणी पुन्हा एकपासून सुरू.