चावी तुमच्याकडे ठेवा

जुना राउंड बेलर, म्हणजे वाळलेल्या गवताच्या गोल गाठी बांधणारं मशीन, घ्यायचा म्हणून धाकट्या भावाला बरोबर घेऊन निघालो आणि दोन दिवसांत तीनेकशे किलोमीटर फिरून तीन मशिनं बघितली. रस्ते, मुक्काम, वाटेतली गावं यातलं फारसं काही आता आठवत नाही. तिसऱ्या ठिकाणच्या शेडमधला तास-दीड तास मात्र जसाच्या तसा डोळ्यांसमोर आहे. तो पुसट व्हायच्या आत लिहून ठेवतो.

आमचं शेत लहान. गवत कापून, उलटवून, ओळी लावून तयार असायचं आणि गाठी बांधून देणारा माणूस मोठ्या शेतांवर अडकलेला असायचा. सलग दोन वर्षं आमचं गवत त्याची वाट बघत पावसात भिजलं. भिजलेलं गवत पुन्हा वाळवताना पानं झडून जातात, नुसत्या काड्या उरतात. जनावरं ते हुंगतात आणि तोंड फिरवतात. दुसऱ्या वर्षी ते बघितलं आणि ठरवलं, आता मशीन आपलंच हवं. नवं घेण्याची ऐपत नव्हती.

पहिल्या ठिकाणचं मशीन लांबून इतकं चकचकीत दिसत होतं की भाऊ गाडीतूनच म्हणाला, "हेच घेऊन टाकू." पट्ट्यांचा बेलर होता. या प्रकारात पट्टे पहिल्यापासून गवत आवळत जातात, त्यामुळे गाठ आतूनही घट्ट होते आणि हव्या त्या जाडीची बांधता येते. मला तोच प्रकार हवा होता. जवळ जाऊन बघितलं तर रंग ग्रीस भरायच्या निपलवरूनही मारलेला. निपलच्या तोंडावर अखंड रंग, म्हणजे रंगवल्यापासून तिथे ग्रीसगन लागलेलीच नाही. पट्ट्यांच्या जोडांमधल्या पिना झिजून बारीक झाल्या होत्या आणि दोन पट्टे बाकीच्यांपेक्षा उघड उघड लांब होते. एकदा चालवून दाखवा म्हटलं तर "ट्रॅक्टर कामावर गेलाय." फोनवर तीनदा विचारलं होतं, चालवून बघता येईल ना? तिन्ही वेळा हो म्हणाले होते. त्यासाठी पहाटे उठून आलो होतो. मला फार राग आला आणि तो परतीच्या रस्त्याला लागल्यावरही गेला नाही. ज्याला बघायला माणूस लांबून येणार आहे, ते मशीन फिरवून दाखवणं एवढी तरी अपेक्षा ठेवायला हरकत नसावी.

दुसरं मशीन उत्तम होतं, पण आमच्यासाठी नव्हतंच. दीड मीटर रुंद, १८० सेंटिमीटर जाडीची, ६००-७०० किलोची गाठ बांधणारं. आमचा ट्रॅक्टर ४५ एचपीचा आणि शेत उताराचं. एवढं वजन मागून ढकलायला लागलं तर ट्रॅक्टर थांबणार कसा? विकणारा म्हणत होता, सपाटीवर चालेल. आमच्याकडे सपाटी नाही.

तिसऱ्या ठिकाणी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. साठी ओलांडलेले गृहस्थ शेडच्या दारात उभे होते आणि बेलर आधीच ट्रॅक्टरला जोडून ठेवलेला होता. एवढं बघूनच माझा निम्मा शीण उतरला. रंग उडालेला, एका बाजूचा पत्रा चेपलेला. पीटीओ शाफ्टवरचं, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद बेलरला देणाऱ्या फिरत्या दांड्यावरचं, प्लास्टिकचं कव्हर मात्र अखंड आणि ते शाफ्टबरोबर गरगरू नये म्हणून लावलेली साखळीही जागेवर. जुन्या मशिनांवर ही साखळी क्वचितच दिसते.

त्यांनी पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर लावला आणि दहा मिनिटं बेलर रिकामाच फिरवला. हा रोलरचा बेलर. गाठ वळली जाते त्या चेंबरभोवती लोखंडी रोलर आणि त्यांना फिरवणाऱ्या चेन, त्यामुळे खडखडाट इतका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. मी कान देऊन ऐकत होतो, पण त्या गोंगाटात काही समजेना. मग त्यांनी पीटीओ सोडला, इंजिन बंद केलं, चावी काढली आणि माझ्या हातात दिली.

"ही तुमच्याकडे ठेवा. तुम्ही आत हात घालणार, तर चावी तुमच्याच खिशात पाहिजे."

इतक्या वर्षांत चालू यंत्राच्या आसपास मी किती बेफिकीर वावरलो, ते त्या क्षणी एकदम अंगावर आलं. ५४० फेऱ्या म्हणजे सेकंदाला नऊ. बाही अडकली तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. घरी वडिलांनी, मी, भावाने, कुणीच कधी हा नियम पाळला नव्हता. या माणसाने तो पाठ केल्यासारखा पाळला. मागचं दार वर उचलल्यावर ते खाली येऊ नये म्हणून सिलिंडरचा लॉक व्हॉल्व्ह बंद केला, आणि त्यानंतरच मला खाली वाकू दिलं. चेंबरमध्ये गेल्या हंगामाच्या गवताचा वास अजून होता.

"आता एकेका बेअरिंगवर हात ठेवा," ते म्हणाले. "खडखडाटात बिघाड ऐकू येत नाही. हाताला कळतो."

मी डाव्या बाजूने सुरुवात केली. सगळी बेअरिंग सारखीच, जेमतेम कोमट. उजवीकडे चौथ्या रोलरपाशी आलो आणि हात मागे घेतला. चटका नव्हता, पण बाकीच्यांपेक्षा ते स्पष्ट गरम होतं. मी त्यांच्याकडे बघितलं.

"सापडलं ना? हंगामाच्या शेवटी शेवटी कुरकुरायला लागलं होतं. ते बदला, मगच शेतात घाला."

ते गप्प बसले असते तर? मी दिवसभराचा दमलेलो होतो, चौथ्या रोलरपर्यंत हात गेला असताच असं छातीठोकपणे सांगता येत नाही. असलं बेअरिंग भर उन्हात, कोरड्या गवताच्या भुशात लाल झालं की आग लागते. बेलर जातो, कधी कधी ट्रॅक्टर आणि उभं शेतही जातं. त्यांच्या बेलरला विझवणीचं नळकांडं कायमचं बसवलेलं होतं. तेही त्यांनी काढून घेतलं नाही.

मग शेडमधल्या धुळीत काठीने रेघा ओढून त्यांनी गवताची ओळ कशी धरायची ते दाखवलं. ओळ पिकअपपेक्षा, म्हणजे गवत उचलून आत घेणाऱ्या भागापेक्षा, अरुंद असेल तर सतत नागमोडी जायचं नाही. थोडा वेळ एका कडेने भरायचं, मग झटकन दुसऱ्या कडेला जायचं, नाहीतर गाठ एका बाजूला निमुळती होते. या बेलरची गाठ मध्ये पोकळ राहते, कारण चेंबर भरेपर्यंत दाबच बसत नाही. मला तो दोष वाटत होता. त्यांचं म्हणणं, आत थोडी हवा खेळते, पण म्हणून ओलं गवत बांधायचं धाडस करू नका. ओलावा १८ टक्क्यांच्या वर असेल तर थांबा. उतारावर गाठ सोडताना ट्रॅक्टर आडवा वळवा, गाठीचं गोल अंग उताराकडे येता कामा नये. त्यांच्या गाठी २०० ते २५० किलोच्या, आणि तेवढं वजन एकदा घरंगळायला लागलं की कुंपण मोजत नाही.

बेअरिंगचे पैसे त्यांनी आपणहून किमतीतून वजा केले. मी घासाघीस केली नाही, करवली नसती. जनावरं कमी केली म्हणून विकत होते. पावती लिहिताना ते दोनदा उठून बेलरपाशी जाऊन आले.

येताना गाडीत भावाने हिशोब मांडला: १२० सेंटिमीटर जाडीची गाठ उघड्यावर राहून भोवतालचा फक्त १५ सेंटिमीटर थर कुजला, तरी ४४ टक्के गवत गेलं. मी विश्वास ठेवेना, म्हणून त्याने कागदावर दोन वर्तुळं काढून दाखवली. त्या रात्रीच ठरलं, बेलरच्या आधी छपराची डागडुजी.

आठवड्याने ट्रॅक्टर घेऊन बेलर आणायला गेलो. सत्तर किलोमीटर, ताशी वीसच्या पुढे न जाता. जुने टायर आणि कित्येक महिने न फिरलेली चाकं, त्यामुळे दर अर्ध्या तासाला थांबून हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, हात ठेवायचा. मागे गाड्यांची रांग लागायची, हॉर्न वाजायचे, मी बाजूला घेऊन त्यांना जाऊ द्यायचो. पोचेपर्यंत अंधार पडला.

चाकांना दगड लावत होतो तेवढ्यात त्यांचा फोन आला.

"पोचलास? हब कसे होते?"

"डावा गार, काका. उजवा जरा कोमट."

"मग सकाळी उजव्याचं झाकण काढून बघ."

सकाळी काढलं. आतलं ग्रीस वाळून मेणासारखं घट्ट झालं होतं. ते खरवडून काढलं, हब रॉकेलने धुतला, नवं ग्रीस भरलं आणि त्यांना फोन लावला.