'तुमचं' आणि 'आपलं'

आज शिफ्टच्या आधी मालकांनी सगळ्यांना गोळा केलं आणि एकच वाक्य, "तुमच्यामुळं टॉवेलची ऑर्डर परत आली". बास. मग दिवसभर कुणी तोंड उघडंना, धागा तुटला तरी लूम बंद करायला पोरं घाबरायली, त्यानं माल अजूनच खराब (हे मालकांना कोण सांगणार!). दुपारी जॉबर काका (लूम खात्याचे मुकादम) आले, म्हणाले "आपला माल हाय, कुठं बिघडतंय आपणच बघू की". लगेच एकानं स्वतःहून सांगितलं, काका माझ्याच लूमवर ताणा (उभे धागे) ढिला होता. येताना सोलापूरच्या चार हुतात्मा चौकात थांबलो जरा. १९३० ला इंग्रजांनी गावात मार्शल लॉ (लष्करी कायदा) लावला, १९३१ ला या चौघा हुतात्म्यांना फाशी, त्यांच्यामागं गाव उभं राहिलं ते 'तुमच्यामुळं' ऐकून नसणार बहुतेक. उद्या सकाळी परत मीटिंग हाय म्हणे.