झोंबेल तेच औषध

औषध झोंबलं नाही तर ते लागू पडलंच नाही, हा आपल्याकडचा जुना समज. कडू असेल तोच काढा खरा आणि झोंबेल तेच औषध खरं. लहानपणी ढोपर फुटलं की घरातलं एक ठरावीक कपाट उघडायचं. त्यातल्या बाटल्यांमध्ये टिंक्चर आयोडीनचा मान सगळ्यांत मोठा. कापसाचा बोळा नुसता जवळ आला तरी पोर भोकाड पसरायचं आणि घरातलं कोणीतरी समाधानानं म्हणायचं, "झोंबतंय ना? म्हणजे लागू पडतंय." झोंबायचं ते बरंचसं त्यातलं स्पिरिट, पण हे सांगणार कोण? त्याच कपाटात लाल औषध, म्हणजे मर्क्युरोक्रोमही असायचं. ते झोंबत नसे, म्हणून पोरांचं लाडकं आणि मोठ्यांच्या मते लेचंपेचं. त्यात पारा असतो हे फार उशिरा कळलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 1998 साली त्याचं नाव सुरक्षित समजल्या जाणाऱ्या औषधांमधून काढलं, तोवर आमच्या पिढीची ढोपरं रंगवून झाली होती.

ठाण्यात घोडबंदर रोडला राहायला आले आणि खरचटण्याशी पुन्हा गाठ पडली. यावेळी कारण मुलं नव्हती, थोराड मंडळी होती. आमच्या भागात कुठे मोकळा प्लॉट दिसला की त्याला जाळी लागते, दिवे लागतात आणि प्लास्टिकच्या गवताचं टर्फ सुरू होतं. दिवसभर ऑफिस, वर ट्रॅफिक, आणि एवढं करून रात्री उशिराच्या स्लॉटला चाळिशीतले गृहस्थ बॉक्स क्रिकेट खेळायला निघतात. जाताना मारे शॉर्ट्स घालून जातात, येतात ते कोपर सांभाळत. आमच्याकडचे गृहस्थही त्यातलेच. एक धाव वाचवायला माणूस या वयात का लोळण घेतो, हे मला आजवर कळलेलं नाही. विचारलं तर म्हणतो, "अगं, मॅच होती ती!"

टर्फवरचं खरचटणं मातीवरच्या खरचटण्यासारखं नसतं. मातीवर पडलं की वरचा भुसभुशीत थर आपल्याबरोबर थोडा सरकतो. प्लास्टिकचं गवत जागचं हलत नाही, सरकते ती आपली कातडी. घर्षणानं उष्णताही निर्माण होते, म्हणजे एकाच जागी सोललंही जातं आणि भाजलंही जातं. वर त्या गवतात वाळू आणि काळे रबराचे कण पसरलेले. हे रबर बरेचदा जुन्या टायरांचा चुरा असतो.

माझा भाचा नेरुळला फुटबॉल खेळतो. सुट्टीला आमच्याकडे आला असताना इथल्या पोरांबरोबर टर्फवर गेला आणि गुडघा घेऊन परतला. बाथरूममध्ये स्टुलावर बसवून मी जवळून पाहिलं. तळहाताच्या अर्ध्याएवढी जागा गुलाबी-पांढरी पडलेली, आणि तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके. एकेक ठिपका फुगत शेजारच्याला जाऊन मिळत होता. अधेमधे ते काळे कण रुतून बसलेले. कातडीचा वरचा पापुद्रा निघाला की खालच्या बारीक रक्तवाहिन्यांची टोकं उघडी पडतात, ते हे ठिपके. मज्जातंतूंची टोकंही तिथेच असतात. विळीनं बोट खोल कापलं तरी एका रेघेत दुखतं. खरचटल्यावर मात्र ती सगळी टोकं एकदम बोंब मारतात. जखम उथळ आणि दुखणं मोठं, याचं कारण हे.

"आत्या, झोंबेल का गं?"

"पाणीच आहे रे. धर पाय नळाखाली."

उपचारातलं निम्म्याहून अधिक काम इथेच असतं आणि इथेच सगळ्यांची घाई. पिण्याजोगं नळाचं पाणी पुरतं, पण ते चांगलं पाच-दहा मिनिटं वाहू द्यावं लागतं. साबण लावायचा तो जखमेच्या भोवती. उरलेले कण ओल्या गॉजनं हलक्या हातानं पुसायचे, न निघालेले स्पिरिटनं पुसलेल्या चिमट्यानं उचलायचे. कंटाळून सोडून दिले तर कातडी त्यांच्यावरूनच भरून येते आणि आत निळसर-काळे डाग कायमचे राहतात, गोंदल्यासारखे. येऊरच्या उतारावर किंवा पाम बीच रोडला सायकलवरून घसरलेल्यांच्या कोपरांवर असे डाग दिसतात. काही जण ते हौसेनं दाखवतातही. खडी खोलवर गेली असेल, जखम चेहऱ्यावर असेल किंवा फार पसरलेली असेल तर घरी खटपट न करता डॉक्टरांकडे जावं. ते आधी जागा बधिर करतात आणि मग साफ करतात. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघायला छान वाटतो, पण तो जंतूंबरोबर भरून येऊ पाहणाऱ्या पेशींनाही मारतो. डेटॉलची बाटली थेट जखमेवर उपडी करणाऱ्यांनी एकदा तरी बाटलीवरचं लेबल वाचावं, पाण्यात मिसळायला सांगितलेलं असतं.

एवढं होईपर्यंत सासूबाई हळदीचा डबा घेऊन दारात. "अगं, दाब चिमूटभर. रक्त थांबेल."

हळदीविरुद्ध बोलणं म्हणजे घरात स्वतःहून आग लावणं. शिवाय त्यांच्या बाजूनं साक्षात शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर उभे आहेत. 1995 साली अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं होतं; माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं त्याला आव्हान दिलं आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. आईंना ही गोष्ट तोंडपाठ आहे. मी एवढंच म्हणते की तो वाद हळदीचा उपयोग नवा नाही, एवढ्यापुरता होता. जिंकला तो आपला जुनेपणा. डब्यातली हळद निर्जंतुक आहे असं काही त्यात ठरलं नव्हतं. फोडणीच्या वाफेवर धरलेला चमचा ज्या डब्यात जातो, ती हळद सोललेल्या गुडघ्यावर गोळे होऊन बसते, आणि खाली जखम लाल होतेय की पिकतेय हे दिसतच नाही. "म्हणजे आमचे सगळे गुडघे सडले की काय?" आईंचा सवाल. सडले नाहीत, हे मान्य करावंच लागतं. उथळ खरचटणं बहुतेकदा आपलं आपणच बरं होतं, आणि श्रेय जवळच्या डब्याला जातं.

मी शाळेत खो-खो खेळायचे. खांबाजवळ सूर मारताना गुडघे, हनुवटी, तळहात, काहीही सोलून निघायचं. तेव्हा मैदानाच्या कडेला दगडी पाला असायचा. लांब दांड्यावर एकच पिवळं-पांढरं फूल, म्हणून कोणी त्याला एकदांडीही म्हणतं. सर पानं तळहातावर चुरगाळायचे, हिरवा रस गुडघ्यावर पिळायचे आणि म्हणायचे, "चल, हो उभी." झोंबायचं असं की लगेच उभंच राहावं लागे. हे आपलं अस्सल गावठी औषध, पण ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातली. इथे आली आणि तण म्हणून पसरली. त्यांचं तण आपण आजीबाईच्या बटव्यात घातलं आणि आपल्या हळदीवर त्यांनी पेटंट घेतलं. देवाणघेवाण म्हणतात ती हीच असावी.

यानंतरचा सल्ला सगळ्या पिढ्यांचा एकच: उघडं ठेव, वारा लागू दे, खपली धरू दे. खपली धरली म्हणजे जखम बरी होतेय, असं मीही मानायचे. पण 1962 साली जॉर्ज विंटर या संशोधकानं डुकरांच्या कातडीवरच्या उथळ जखमा, काही झाकून आणि काही उघड्या, ठेवून पाहिल्या. झाकून ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगानं आली. कारण तसं साधं आहे. नव्या पेशी कडेकडेनं सरकत मध्यभागी येतात. ओल असेल तर त्या सरळ पुढे जातात, खपली असेल तर तिच्याखालून वाट शोधत बसतात.

म्हणून भाच्याच्या गुडघ्यावर मी साधी व्हॅसलीन लावली आणि वर पॅराफिन लावलेली जाळीची पट्टी ठेवून गॉज बांधलं. मेडिकलवाल्याकडे ही पट्टी मिळते आणि ती चिकटत नाही. सुका कापूस मात्र ठेवू नये. दुसऱ्या दिवशी तो काढताना जे होतं त्यापुढे टिंक्चर आयोडीन बरं. पट्टी चिकटलीच तर आधी पाण्यानं भिजवायची, मग सोडवायची. पाणेरी पिवळट द्रव दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही, तो पू नव्हे. जखमेभोवतीची लाली पसरत गेली, जागा गरम लागली, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं किंवा ताप आला, तर मात्र दवाखाना. 2003 साली अमेरिकेत सेंट लुइस रॅम्स या अमेरिकन फुटबॉलच्या संघातल्या काही खेळाडूंना औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंचा संसर्ग झाला होता, आणि तो नेमका टर्फवर खरचटलेल्या जागीच सुरू झाला होता. खेळून आल्यावर एकमेकांचे टॉवेल वापरणाऱ्या आमच्या संघाला मी हे ऐकवलं. टॉवेल बदलले नाहीत, मला ग्रुपवर "डॉक्टर वहिनी" हे नाव तेवढं पडलं.

धनुर्वाताचं इंजेक्शन हा आणखी एक विषय. कोणी पडलं की पहिला प्रश्न, "लोखंड लागलं का?" लोखंडाचा त्यात काही संबंध नाही. ते जंतू मातीत आणि शेणात असतात. लसीकरण पूर्ण झालेलं असेल तर प्रत्येक खरचटण्याला टोचून घ्यायची गरज नसते. जखमेत माती गेली असेल आणि शेवटचा डोस पाच वर्षांहून जुना असेल तर घ्यावा. अडचण एवढीच की शेवटचा डोस कधी घेतला हे चाळिशीतल्या एकाही पुरुषाला सांगता येत नाही. मॅचचे स्कोअर सगळे पाठ.

भाच्याची पट्टी सुटली तेव्हा खाली गुलाबी, चकचकीत कातडी आली होती. तिला ऊन लागलं की ती काळवंडते आणि डाग महिनोन् महिने जात नाही, म्हणून सनस्क्रीन दिलं. ते त्यानं लावलं नाही. "आत्या, पोरं हसतील." नवऱ्याला मात्र मी पूर्ण बाह्यांची जर्सी घ्यायला लावलीच, आणि खेळायच्या आधी कोपराला, गुडघ्याला व्हॅसलीन चोळायलाही, म्हणजे घर्षण जरा कमी होतं. त्यानं ते ग्रुपवर टाकलं. आता सगळ्या संघानं तशाच जर्सी घ्यायचं ठरतंय; रंग निळा की काळा यावर वाद चालू आहे आणि गुरुवारचा स्लॉट बुक झालाय.