मातीच्या बोटांपुढे पेणचे काका

मुंबईत गाइडचे काम करणाऱ्याला इतिहासाइतकेच सुट्टीचे वारही तोंडपाठ असावे लागतात. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय राणीच्या बागेप्रमाणे बुधवारी बंद, तर राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी. सहली विकणाऱ्यांना याचे सोयरसुतक नसते. एका कंपनीने तर मणिभवन, भायखळा आणि जहांगीर कलादालन यांना प्रत्येकी पाऊण तास देऊन ‘छोटी संग्रहालये’ अशी सहल आखली आहे; मधली वाहतूक त्यांनी बहुधा नकाशातच पाहिली असावी.

या सहलीत गेल्या हिवाळ्यात पेणचे एक वयस्कर मूर्तिकार आले होते. त्यांचा सारा जन्म शाडूच्या गणेशमूर्ती घडवण्यात गेलेला. पुतण्याने हौसेने नाव नोंदवले म्हणून आले. मणिभवनात गांधीजींच्या जीवनप्रसंगांचे बाहुल्यांचे देखावे आहेत, तिथे ते जरा रेंगाळले, पण काही बोलले नाहीत. भायखळ्याला मात्र मी १८७२ साली खुल्या झालेल्या त्या वास्तूची माहिती सांगत असताना ते मुंबईतील निरनिराळे समाज आणि व्यवसाय दाखवणाऱ्या मातीच्या आकृत्यांच्या कपाटापुढे चक्क उकिडवे बसले.

“ताई, बोटं बघा,” ते म्हणाले.

शाडू वाळताना आकसतो आणि जिथे माती बारीक तिथे आधी तडा जातो; म्हणून हात सावलीत, ओल्या फडक्याखाली, बेताबेताने वाळू द्यावा लागतो, हे त्यांनी मला तिथेच समजावले. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या बोटांत आत तार असेल का, आकृती भाजली असेल का, पाऊल पाटाला कसे बसवले असेल, यावर ते स्वतःशीच वाद घालत राहिले. डोळ्यांची आखणी एका दमात झाली आहे, हात कुठे थांबलेला नाही, हे त्यांनी काचेबाहेरून ओळखले. मी आजवर लोकांना या आकृत्यांची पागोटी आणि लुगडी तेवढी दाखवत आले होते.

“कोणी केलंय हे?” त्यांनी विचारले. सेसिल बर्न्स हे क्युरेटर असताना, विसाव्या शतकाच्या आरंभी, संग्रहालयाने अशा आकृत्या करवून घेतल्या, एवढे मी सांगितले. “ते झाले साहेब. हात कोणाचा?” ते नाव मला सांगता आले नाही.

जहांगीरला पोहोचायला अर्थातच उशीर झाला आणि कंपनीने तो माझ्या खात्यावर मांडला. तिथे चित्रकार स्वतः आपल्या चित्रांशेजारी बसलेला असतो, याचे काकांना फार नवल वाटले; रंग वाळायला किती दिवस लागतात यावरून त्यांचे आणि त्या चित्रकाराचे चांगलेच जमले. परतताना बसमध्ये ते म्हणाले, “आमच्याकडेही पाटी मालकाची. आखणी कोणाची, ते गिऱ्हाईक विचारत नाही.” ही तक्रार होती की नुसती धंद्याची रीत सांगितली, हे त्यांच्या स्वरावरून मला अजून ठरवता आलेले नाही.